पोरीनं काढलेला जिना

रसायनशास्त्राची पदवी, तीही पहिल्या वर्गात, पदरात पडल्यावर कुणी शहाणी मुलगी पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर जाऊन बसत नाही. ती बसली. आर्किटेक्चरच्या कॉलेजात तिच्याहून लहान पोरं तिला तोंडावर मावशी म्हणायची, आणि घरी बाबांनी अबोलाच धरला. बाबा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. लेकीनं संशोधनाची चालून आलेली जागा सोडली, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. पुढची कित्येक वर्षं ते तिच्याशी आईमार्फत बोलत. ती समोर उभी असताना आईला म्हणायचे, तिला सांग, छत्री घेऊन जा म्हणावं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी भाड्याची जागा सोडून काकांच्या घरावर मजला चढवायचं ठरवलं आणि आईला म्हणाले, "तिला सांग, नकाशा तूच काढ म्हणावं." ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

त्या मजल्यात तिनं जीव ओतला. बाबांना वाचायला उजेड हवा म्हणून त्यांच्या खोलीला लांबरुंद खिडकी काढली. खिडकीपाशी टेबल मावेना, तेव्हा खोली थोडी वाढवायला जिन्याच्या वळणावरची सपाट जागा काढून टाकली आणि तिथे तिरक्या, निमुळत्या पायऱ्या बसवल्या. ती नोकरी करायची त्या ऑफिसातले साहेब प्रत्येक नकाशावर पेन्सिल टेकवून एकच विचारत: इथून आजारी माणूस आडवा खाली येईल का? घरचा नकाशा तिनं साहेबांना दाखवलाच नाही. हे काम तिला एकटीला करायचं होतं.

जिना देखणा झाला, यात वाद नाही. बाबा तिच्याशी थेट बोलू लागले. येईल त्या पाहुण्याला वळणावर थांबवायचे, कठड्यावरून हात फिरवायला लावायचे आणि म्हणायचे, हा आमच्या पोरीनं काढलाय. यातून दूधवालाही सुटला नाही.

मग एका सकाळी बाबांची उजवी बाजू लुळी पडली. रुग्णवाहिकेतली माणसं स्ट्रेचर घेऊन वर आली आणि उतरताना वळणावर अडकली. आडवं वळेना, उभं करावं तर माणूस घसरतो. शेवटी बाबांना जेवणाच्या खुर्चीला चादरीनं बांधलं आणि चाचपडत खाली नेलं. लुळा हात कठड्यावर आपटत गेला. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. खाली उभी राहून ती हे सगळं बघत होती. साहेबांचा प्रश्न तिला पाठ होता, तरी तिनं हे करून ठेवलं होतं.

काकांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे दवाखान्यातून बाबांना तसंच वर आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज व्यायामाला आणलंत तर पाय परत चालतील, उशीर केलात तर नाही. दुसऱ्या दिवशी खाली न्यायला खुर्ची पुढे केली, तर बाबांनी डाव्या हातानं पलंगाची कड धरली. ती काही केल्या सोडेनात.

तिनं नवा नकाशा काढला. खिडकीकडची भिंत आत घ्यायची, वळण रुंद करायचं. कागद बाबांच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, "बाबा, चूक माझी आहे. हा जिना पाडू या."

बाबांनी कागद पाहिला. मग मान आईकडे वळवली आणि वाकड्या तोंडानं एकेक शब्द गोळा करत म्हणाले, "तिला सांग... जिना चांगलाय. हात... लावायचा नाही."

ती हातापाया पडली, काकांनी समजावलं. गवंडी हत्यारं घेऊन आला तेव्हा बाबा लहान मुलासारखे रडू लागले. त्याला दारातूनच परत पाठवावं लागलं. आता डॉक्टरही व्यायामाचं नाव काढत नाहीत.

परवा बाबांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. ती ऑफिसातून येऊन जिना चढत होती, तेवढ्यात वरून बाबांचा अडखळता आवाज आला, "पोरीनं... काढलाय." पाहुण्यानं तोंडभरून कौतुक केलं.

ती वळणावरच्या निमुळत्या पायरीवर खाली बसली. बाबांनी चिडून पुन्हा अबोला धरला असता, तर तो तिनं जन्मभर सोसला असता.