युसुफची फुफी

तिच्या उंबऱ्यात पाऊल टाकलं की ती आधी तळहात खाली दाबून दाखवायची. "हळू बोला. त्यो घाबरतोय." समोर पोस्टमन असो, पाव्हणा असो, नाहीतर दिवसभर वर्गात ओरडून आलेली माझ्यासारखी शाळेतली बाई असो.

आष्ट्याला मी तिच्या शेजारी भाड्यानं राहायचे. ती विधवा होती, गाद्या भरून पोट भरायची. फुफी म्हणजे आत्या. भाच्यामुळे सगळी आळीच तिला फुफी म्हणू लागली.

तिचा भाऊ तरुणपणी युगांडात दुकान टाकायला गेला होता. तिथल्याच एका काळ्या बाईशी त्यानं लग्न केलं. ती वारली. पुढे तिथून हिंदी लोकांना हाकललं, तेव्हा तो वयात आलेल्या मुलाला, युसुफला, घेऊन परतला आणि वर्षभरात स्वतःही गेला.

युसुफ उंच, काळाभोर. कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही, अंगाला हात लावू द्यायचा नाही. बोललाच तर आपलेच शेवटचे शब्द आपल्याला परत द्यायचा. पोरं सुरुवातीला त्याच्या मागं लागायची. फुफी त्यांना रागवायची नाही, कापूस निवडायला बसवायची. ती धनुकलीनं कापूस पिंजू लागली की युसुफ भिंतीला टेकून त्या आवाजावर डोलायचा. मिरजेच्या एका डॉक्टरांनी मला 'ऑटिझम' हा शब्द सांगितला. फुफीनं तो दोनदा म्हणून पाहिला. "नाव हाय म्हंजे असली आणिक बी पोरं असत्याल," ती म्हणाली, आणि तिला जरा बरं वाटलेलं दिसलं.

युसुफ कागदोपत्री परदेशी होता. बाप त्याची राहण्याची मुदत वाढवून आणायचा. बाप गेल्यावर देश सोडण्याचा हुकूमच आला.

त्यानंतरची फुफी तुम्ही पाहायला हवी होती. कधी आळी न ओलांडलेली बाई बाजाराच्या दिवशी चौकात उभी राहिली. युसुफला इथंच राहू द्यावं, असा अर्ज मी लिहिला. सह्या-अंगठे तिनं आणले. ऊसवाल्या पाटलांनी सही केली, पलटणीतून परतलेल्या सुभेदारांनी केली, तालमीतल्या पैलवानांनी केली. काही दारं बंदही झाली. "आपलं रगत न्हाई ते," कुणी म्हणालं. "माज्या भावाचं हाय," एवढंच बोलून ती पुढच्या दाराला गेली.

शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी, विश्रामबागेतल्या पोलीस कचेरीत एका साहेबांनी भेट दिली. मी सोबत होते.

"नाव काय तुझं?" साहेबांनी विचारलं.

"काय तुझं," युसुफ म्हणाला.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "कुठल्या देशाचा तू?"

"देशाचा तू."

"साहेब, चेष्टा न्हाई करत त्यो," फुफी म्हणाली. "तिकडं त्याचं कोन न्हाई. भूक लागली तर मागता येत न्हाई त्याला. कुनाच्या दारात सोडनार तुमी?"

साहेबांनी अर्जावरचे अंगठे शेवटच्या पानापर्यंत पाहिले. "हुकूम वरचा आहे, बाई," म्हणाले.

जीप आली तेव्हा युसुफनं दाराची चौकट धरली. हवालदार माण तालुक्याकडचा होता, भला माणूस. "फुफी, तूच सोडव गं. आमी वढलं तर लागंल त्याला." तिनं एकेक बोट सोडवलं. मग स्वतःच जीपमध्ये चढली. मुंबईपर्यंत तिला कुणी उतरवलं नाही.

ती एकटी परतली. गोदीत काय झालं ते मला एकदाच सांगितलं. "बोटीवरच्या समद्यांना सांगितलं, त्याला शिवू नका, ताटात भात येगळा, आमटी येगळी वाढा, कालवलेलं खात न्हाई त्यो. कोन हसलं, कोन व्हय म्हनलं. त्यो निवांत चढला, बाई. त्याला वाटलं, मी मागनं येतीय."

बोटीच्या कंपनीला, वकिलातीला आम्ही पुष्कळ पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. फुफी गाद्या भरत राहिली, पण कापूस पिंजायला दुसऱ्याकडे देऊ लागली.

दोन पावसाळ्यांनंतर ती गेली. मयतीला निम्मा गाव होता. पाटील होते, पैलवान होते, सुट्टी काढून तो हवालदारही आला होता. दफन झाल्यावर सगळे कबरस्तानाच्या फाटकाशी थांबले. युसुफला कळवायला हवं, असं सुभेदार म्हणाले. कुठं कळवायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.