मी बंद केलेलं अपडेट

माझं काम सांगितलं की लोक जांभई देतात. बेंगळुरूत, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत मी आहे. कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कुठे ना कुठे भोक सापडतंच. ते बुजवणारं अपडेट आलं की ते आमच्या सगळ्या मशीनवर वेळेत चढलं का ते बघायचं, आणि ज्यांनी चढवलं नाही त्यांच्या हात धुऊन मागे लागायचं. "आज नको, रीस्टार्ट करावा लागतो, पुढच्या आठवड्यात बघू," म्हणणाऱ्या मॅनेजरांची मी सोळा वर्षं बिनपाण्यानं करत आलेय. फटकळ आहे मी. आईवर गेलेय.

आई बेळगावची. बाबा इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर, म्हणून लग्नानंतर बेंगळुरूला आली. बनशंकरीच्या आमच्या घरात आधी तिचा आवाज यायचा आणि मग ती. बाबा गरीब स्वभावाचे. मला ते उभ्या आयुष्यात एकदाही ओरडलेले नाहीत, ते खातं आईकडे होतं. मग तिला स्वरयंत्राचा कॅन्सर झाला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा आणि आवाज कायमचा बंद.

ऑपरेशनला बारा दिवस होते. बाबांनी कॉम्प्युटरला माइक लावला आणि आईला समोर बसवलं. ती भडकली. "अहो, मी मेले काय, रेकॉर्ड करून ठेवायला?" तेही रेकॉर्ड झालं. एकदा सुरुवात झाल्यावर मात्र तिला आवरणं कठीण. पुरणाची कणीक कशी तिंबायची ते सांगितलं. दारातल्या भाजीवाल्या अण्णाशी कानडीत "स्वल्प कमी माडी", थोडं कमी करा, म्हणत घातलेली हुज्जतही बाबांनी पकडली. माझ्यासाठी एक फाइल होती, तिच्यात फक्त "जेवलीस काय गं?" एवढंच. बाबांनी एकशे चौदा फाइली केल्या, नंबर घालून, ओळीनं.

आई वाचली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते तिनं दोनदा लावलं आणि वहीत लिहिलं, "ही मी नव्हे." तेव्हापासून सगळं बोलणं वहीतून. पण रोज सकाळी सात वाजता दोघं चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसत आणि बाबा एक फाइल लावत. "आज चौतीस नंबर," असं म्हणून. स्वतःच्याच बोलण्यावर आई खांदे गदागदा हलवून हसायची. त्या फाइली इंटरनेटवर ठेवायला बाबा तयार नव्हते. "तिचा आवाज कुणाच्या गोदामात कशाला?" मलाही ते पटलं. जादा प्रत एका बाहेरच्या डिस्कवर होती. ती कायम मशीनला जोडूनच ठेवा, म्हणजे प्रत आपोआप होत राहील, हा सल्ला माझा.

आता माझी करणी सांगते. अपडेट यायचं नेमकं सातच्या सुमारास. पडद्यावर गोल फिरणारे ठिपके, आणि बाबांचा मला फोन. "अगं, हे परत अडलं बघ. आई बसून राहिलीय." एकदा मी ऑफिसच्या कॅबमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन अमेरिकेतल्या टीमला झापत होते. त्यांनी अपडेट लांबणीवर टाकलं होतं, म्हणून. तेवढ्यात बाबांचा तिसऱ्यांदा फोन. माझं डोकंच फिरलं. मीटिंगमधला माझा माइक बंद केला आणि दुरून बाबांच्या मशीनमध्ये शिरले. ती सोय मीच करून ठेवली होती, घरच्या राउटरमधून बाहेरच्या जगाला वाट उघडून. शिरले आणि अपडेट बंदच करून टाकलं. "झालं बाबा, आता नाही अडायचं." बाबा खूश. "सरी, सरी, बरं झालं," म्हणाले. मी माइक चालू केला आणि त्या टीमला झापायचं उरलेलं काम पूर्ण केलं. रविवारी घरी गेले की परत चालू करू, असं मनात म्हटलं होतं. त्यानंतर आठ महिने मी दर रविवारी गेले, जेवले, झोपले आणि परत आले.

मग ऑपरेटिंग सिस्टिममधल्या त्या दुरून शिरायच्या सोयीतच एक मोठं भोक सापडलं. ऑफिसात आम्ही चार दिवस नुसते पळत होतो. शेवटचं मशीन बुजवून झालं तेव्हा टीमनं केक कापला, मीही खाल्ला. बनशंकरीतलं एक मशीन मला आठवलं नाही. नाहीच आठवलं. का, ते मला विचारू नका.

पुढच्या मंगळवारी सकाळी बाबांचा फोन आला. "फाइलींची नावं कशीतरीच झालीत गं. उघडत नाहीत. आणि इंग्रजीत एक पत्र आलंय." मी कॅब तशीच बनशंकरीकडे वळवायला लावली. पत्र आमच्या धंद्यात रोज दिसतं तसलंच होतं. फाइलींना कुलूप घातलंय, किल्ली हवी तर पैसे भरा. जोडून ठेवलेली डिस्कही गेली होती. खंडणी कधी देऊ नका असं जगाला शिकवणारी मी, त्याच तासात त्या पत्त्यावर लिहून मोकळी झाले. उत्तर आलं नाही. परत लिहिलं, तर पत्ताच बंद झालेला. ओळखीच्या सगळ्या जाणकारांना विचारलं. सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली.

बाबांनी मात्र ठरवून टाकलं की चूक त्यांचीच. आदल्या सकाळी त्यांनी विजेच्या बिलाचा एक मेल उघडला होता. कारखान्यात काही अपघात झाला की ज्याच्या हातून झाला त्यानं अहवाल लिहायचा, अशी त्यांची पद्धत. घरीही त्यांनी तो लिहिला, सुबक अक्षरात. काय घडलं, केव्हा घडलं, कुणाच्या हातून. त्यापुढे 'माझ्या', आणि खाली सही. तो कागद त्यांनी आईच्या हातात दिला. आईनं वाचला आणि दोन दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही.

मशीनमधल्या नोंदी मी पहिल्या तासातच वाचल्या होत्या. त्या मेलमध्ये काहीही नव्हतं. सोमवारी दुपारी ही दोघं बँकेत गेली असताना कुणीतरी मी उघडलेल्या वाटेनं, मी न बुजवलेल्या भोकातून आत शिरलं होतं. हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. तो आठवडा मी तिथंच राहिले होते. बाबा चहा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पिऊ लागले. आईला येता-जाता "माफ कर गं" म्हणायचे. मोबाइल वाजला तरी उचलेनात, "नको, मी परत काहीतरी करून बसेन." आणि मी शेजारी बसून हे सगळं ऐकत होते. लाज वाटते सांगायला.

रविवारी जेवणं झाल्यावर मी सांगितलं. "बाबा, तो मेल नव्हता. अपडेट मी बंद केलं होतं." सगळं सांगितलं, केकसुद्धा. बाबांनी दोनच प्रश्न विचारले.

"चालू असतं तर?"

"तर काही झालं नसतं."

"हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारीच."

आई उठली. वहीकडे तिचा हात गेलाच नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड उघडलं आणि मला ओरडायला लागली. आवाज कुठला असणार! गळ्यातून नुसता वारा, आणि ओठ भराभर हलताहेत. मला काही कळेना. "आई, सावकाश," मी म्हटलं. त्यानं ती जास्तच पेटली.

तेव्हा बाबा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. तिच्या ओठांकडे बघत तिचं बोलणं ते मोठ्यानं म्हणू लागले, त्यांच्या त्या हळू, सपाट आवाजात.

"जगाची मशीनं सांभाळतेस, आणि घरचं एक सांभाळता आलं नाही काय गं तुला?"

ते थांबले, परत तिच्याकडे बघितलं.

"माझा आवाज गेला तो गेला. पण पाच दिवस..." इथं बाबा अडखळले. आईनं त्यांचा दंड धरून हलवला आणि तेच पुन्हा म्हणाली. "पाच दिवस हे माझी माफी मागत होते. आणि तू ह्यांच्यासमोर बसून जेवत होतीस."

एवढं त्यांनी कसंबसं म्हटलं. पुढचं त्यांना म्हणवेना. खुर्चीत बसले, तोंडावर पंचा घेतला आणि रडायला लागले. आई थांबली नाही. तिचे ओठ हलतच होते, माझ्याकडे बघून, कितीतरी वेळ. मी वही पुढे केली, तर तिनं ती हातानं बाजूला सारली. ती मला पुढे काय म्हणाली, ते मला आजही माहीत नाही.