दावं घराचं असतं

परतूरच्या स्टेशनावर गाडी सुटायच्या आधी बाबांनी माझ्या डोक्यावरचा पटका काढून घेतला. हैदराबादहून आलेले उस्ताद, म्हणजे एका पलटणीच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर, तिकिटं हातात धरून पाहत होते. जालन्याच्या छावणीच्या मैदानावर त्यांनी माझा खेळ पाहिला आणि मला मागायला थेट आमच्या आष्टीच्या घरी आले. पटका गुंडाळत बाबा त्यांना म्हणाले, "जनावर देताना दावं देत नसतेत." उस्ताद खो खो हसले. बाबांना गंमत करता येत नाही हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

आमच्याकडं बैल विकला की दावं, म्हणजे त्याला बांधायचा दोर, घेणाऱ्यानं आपलं आणायचं. जुनं दावं खुंटीला राहतं, म्हणजे घराची बरकत बैलामागं जात नाही. आमचा हरण्या असाच शहागडच्या एका माणसाला विकला होता. तो पठ्ठ्या एके दिवशी दुपारी एकटाच चालत परत दारात उभा. मायनं त्याच्यापुढं पेंड ठेवली, गळ्यात पडून रडली. बाबांनी चाबूक उचलला आणि पेंड संपायच्या आत त्याला पुन्हा शहागडच्या वाटेला लावलं. "इकलेलं जनावर ठेवून घेणं म्हंजी चोरी," एवढंच बोलले. मायनं उरलेली पेंड गोळा करून ठेवली.

हैदराबादेत माझं नशीब उघडलं, हे कबूल केलं पाहिजे. सेंटर फॉरवर्ड म्हणून उतरायचो आणि गोलांचा नुसता धडाका. पलटणीकडून खेळलो, मग मुल्काबाहेर जाणाऱ्या टीममध्ये निवड झाली. कोलंबो पाहिलं, रंगून पाहिलं. तिथल्या गोऱ्या साहेबांना बुटांसकट पळवलं आणि मी अनवाणी! उर्दू अखबारात नाव छापून यायचं. गावातले मास्तर ते बाबांना वाचून दाखवायला जात, तेव्हा बाबा म्हणत, "इकलेल्या जनावराची खबर काढीत नसतेत." हे मला मायनंच कळवलं. भाबडी बाई, तिला वाटलं मी हसेन. मी त्या दिवशी जेवलो नाही.

रंगूनलाच गुडघा गेला. परत आल्यावर एका सामन्यात लंगडत धावलो, तेव्हा उस्तादांनी मैदानातच हात पुढं केला. "पाँव गया, बेटा. जर्सी उतारो." टीमचा तो दस्तूरच होता. जर्सी टीमची, माणूस येणारा-जाणारा. माझ्या घामानं ओली जर्सी दुसऱ्यानं तिथंच अंगात घातली. मी उघड्या अंगानं पाहत उभा राहिलो आणि बाबा आठवले. उस्तादांना मी टाकून देण्यासारखा वाटलो नाही, त्यांनी मला हाताखाली घेतलं. ते थकले तेव्हा मॅनेजर मीच झालो. मग मीही असाच हात पुढं करायचो. एक जण माझ्या पाया पडला. त्याला उठवलं, आधी जर्सी घेतली, मग चहा पाजला. लोक मला कसाई म्हणत. आमची टीम जिंकत होती, त्यामुळं मला त्याचं काही वाटत नसे.

मग निजामी गेली, पलटण मोडली, टीमही गेली. मी आष्टीला परतलो. बाबा अंगणात बसले होते, डोक्याला माझा पटका, पार विटलेला. माय भाकरी वाढत होती. बाबांनी माझी चाल पाहिली.

"मालक कुठाय तुझा?"

"टीम मोडली, बाबा. आता घरीच राहीन म्हणतो."

"मंग दुसरा मालक बघ. लंगड्याला हितं गव्हाण न्हाई."

मायचा हात परातीवर तसाच थांबला. माझं ताट अर्धं असतानाच बाबांनी उठून गाडी जुंपली. परतूरपर्यंत ते बैलांशी बोलले, माझ्याशी नाही. स्टेशनावर उतरल्यावर मी म्हणालो, "बाबा, माझा पटका तेवढा द्या."

"तुझा? दावं घराचं असतंय," म्हणाले आणि बैल वळवले. माझी गाडी अजून यायची होती.

आता मी हैदराबादेतच मोहल्ल्यातल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. आष्टीत राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता की उस्ताद झाला, तरी उघड्या डोक्यानं का फिरतो? आणि माझ्यासारखे जे निघून आले, ते विचारतात, घर आठवतं का? आठवतं ना. घर म्हणजे एक खुंटी. बाबा गेल्यावर मायनं पटका तिथंच टांगला आहे. परवा तिचा निरोप आला, यंदा ज्वारी उदंड झाली, घरात बरकत आहे.

असणारच. मी कुठं नेली होती?