जोड दिसला पाहिजे

यंदाच्या उन्हाळ्यात डाळजला ऊन नुसतं भाजत होतं. वारा पडलेला. उजनी धरणाचं पाणी एवढं मागं हटलं होतं, की बुडालेल्या जुन्या गावातल्या घरांचे चौथरे उघडे पडले होते. असल्या दिवसांत माझ्याकडं गिऱ्हाईक कमी आणि किस्से जास्त. भांडी नीट झाली की लोक घेऊन जातात, किस्से मात्र इथंच पडून राहतात. मला लिहायला-वाचायला येत नाही. मी सांगतो, सूनबाई लिहून घेते.

*

बारामतीच्या रेवतीताई चित्रकार. पण चित्रं सोडून त्या पाणी उतरलेल्या चिखलातून मोडक्या वस्तू गोळा करतात. पहिल्यांदा आल्या, तेव्हा माझ्यापुढं पोतंच ओतलं. कान तुटलेला कप, भोक पडलेलं पातेलं, एकच चप्पल. मी म्हटलं, भंगारवाला पुढं स्टँडजवळ बसतो.

त्या म्हणाल्या, "आबा, हे जोडायचंय. पण जोड दिसला पाहिजे."

मी पक्कड खाली ठेवली. जोड लपवण्यात हयात गेली माझी!

*

तरी सवय जाते होय? पातेल्याचं भोक मी असं बुजवलं, की बोटालाही लागेना. ताईंनी ते उन्हात फिरवून फिरवून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, परत उघडा. शिकलेल्या माणसानं धड भांड्याला भोक पाडायला सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. सूनबाई हे लिहितानाही हसतेय.

*

मग बारामतीत प्रदर्शन भरलं. तेच पातेलं काचेच्या पेटीत, वरून लाईट! मी बघतच राहिलो. कऱ्हाटीचे एक शेतकरीही बराच वेळ उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातलं सगळं मोडकंतोडकं टेम्पोत भरून आणलं. ताई घाबरल्या, एवढं नको म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "आमच्या घरात पाय ठेवाया जागा झाली."

*

आता दस्तगीरभाईंचं. जुन्या गावातही ते माझे शेजारी, इथंही. धरणाचं पाणी चढलं त्या धांदलीत त्यांच्या अम्मांचा माहेरचा तांब्या चुलीपाशीच राहिला. शेवटपर्यंत त्या तोच मागत होत्या. दर उन्हाळ्यात दस्तगीरभाई घराच्या चौथऱ्यावर जाऊन चिखल चाळायचे. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, घरीच बसले.

यंदाच ताईंनी हिरवा पडलेला एक तांब्या बाकीच्या ढिगात माझ्याकडं टाकला. आमच्या धंद्यात मोडीत निघालेलं भांडं हातात आलं, की पहिलं काम म्हणजे जुनं नाव घासून काढायचं. नव्या घरात जुन्या मालकाचं नाव नको. मी पोचे काढले, कानस मारली, चिंचेनं लख्ख केला.

ताई आल्या आणि पांढऱ्याफटक पडल्या. "आबा, यावरचं नाव?"

त्यांच्या मोबाईलात फोटो होता. त्यांनी वाचून दाखवलं, अमीनाबी.

त्या भाजत्या उन्हात मी तांब्या उलटासुलटा करून अक्षरं शोधू लागलो. दस्तगीरभाईंच्या अम्मांचं नाव.

तांब्या घेऊन मी स्वतःच शेजारी गेलो. काय केलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी तांब्या मांडीवर घेतला. गुळगुळीत पोटावरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं, हा माणूस आता माझ्याशी बोलायचा नाही.

मग म्हणाले, "अम्माला तरी कुठं वाचाया येत हुतं, आबा? पानी वततानाच्या आवाजावर तांब्या वळखायची ती. त्यो आवाज तरी ठेवलाय का बघू. पानी आना."