गोणी सैल धरली नव्हती

“मास्तरांनी तांदळाची गोणी दिली हातात, म्हणून बाईनं सैल धरली. पोटची पोर असती तर आईनं सोडली असती काय?”

रोह्याच्या स्टेशनबाहेर जिथे भाड्याच्या गाड्या उभ्या असतात, तिथे ही हकिगत आजही अशीच सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी हजर नव्हता. मी होतो. गोणी माझी होती आणि ब्रेकवरचा पायही माझा होता. तेव्हा हकिगत सांगण्याचा पहिला हक्क माझा आहे आणि तो मी सोडणार नाही.

पेणमध्ये मी उभे आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवले. आता वय झाले, तरी पट्टा न लावलेला चालक दिसला की मी त्याच्या काचेवर टकटक करतो. डोलवीला शिफ्टची माणसे सोडताना कंपनीचे गेट आले की पट्टा लावायचा आणि परतताना वडखळ आले की सोडायचा, ही इथल्या चालकांची शिस्त. म्हातारा तिरसट आहे, असे ते म्हणतात. ते खरे आहे. त्याचे खंडन मी करत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी, खाडीकडच्या मिठागरात राबणाऱ्या घरातला, पेण-रोहा भाडे मारतो. त्याच्या बायकोचे माहेर रोह्याचे. दीड वर्षाची मुलगी दर आठवड्याला आजोळी जाई, आणि जाई ती पुढच्या सीटवर, आईच्या मांडीत. तिच्यासाठी लहान मुलांची सीट घे, असे मी त्याला बजावले. तो हसला.

“मास्तर, आईच्या मांडीसारखी सीट कुठल्या दुकानात गावते, तेवढं सांगा.”

मी दुकान सांगितले नाही. नवरा-बायकोला मुलीसह कासू गावाच्या अलीकडच्या एका मोकळ्या मैदानात बोलावले.

मुलीच्या वजनाइतका तांदूळ मी लहान गोणीत भरून नेला होता. मुलगी बापाच्या कडेवर, गाडीबाहेर उभी. त्याच्याच गाडीत चालकाच्या जागी मी; त्याची बायको माझ्या शेजारी पट्टा लावून बसली, मांडीवर गोणी. बाई मोठी गमतीची. तिने मुलीचे दुपटे गोणीभोवती गुंडाळले, गोणीला थोपटले आणि म्हणाली, “गप बस गो बाय. मास्तर हायत, भिऊ नको.” मी तिला समोरचा दगड दाखवला. त्याच्यापाशी ब्रेक दाबणार आहे, दोन्ही हातांनी घट्ट धर, असे सांगितले.

“धरलीय. दाबा तुम्ही.”

गाडी सायकलच्या चालीने निघाली. दगडापाशी मी ब्रेक दाबला. गोणी तिच्या हातांतून निघाली, डॅशबोर्डवर आदळली आणि फुटली. तांदूळ गाडीभर झाला.

नवऱ्याचे हसणे थांबले. त्याने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतले, आणि पुन्हा या कडेवर. त्याच आठवड्यात सीट आली. ती मागच्या बाजूला कशी बसवायची, गाडीचा पट्टा तिच्या कोणत्या खाचेतून ओवायचा, इतक्या लहान मुलीचे तोंड गाडीच्या मागच्या दिशेला का हवे, हे सारे मी त्याला समजावले आणि त्याच्या हातून करवून घेतले. पहिल्या खेपेला मुलीने वडखळपर्यंत गाडी डोक्यावर घेतली. दुसऱ्या खेपेला नागोठणे येण्याआधीच ती झोपली.

पण गाडी स्टँडवर उभी राहते आणि स्टँडला तोंडे फार. या सीटच्या जागी एक पॅसेंजर बसतो, हे तिथल्या सोबत्यांनी त्याला रोज ऐकवले. मग गोणी सैल धरल्याची कथा निघाली आणि तीही त्याला रोज ऐकू येऊ लागली. एके दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. “मास्तर, आमचे हे सीट काढायची म्हणतात. पोर परत मांडीवर यायची.”

दुसऱ्या सकाळी मी रोह्याच्या स्टँडवर हजर झालो. माझा विद्यार्थी गाडीला टेकून उभा होता.

“या मास्तर!” त्याच्या शेजारचा एक लठ्ठ चालक ओरडला. “आज काय आणलंत, गूळ?”

“आणला असता. पण तुझ्या मांडीवर ठेवायचा, तर पोट आडवं येतं.”

सगळे हसले, तोही हसला. मग म्हणाला, “पण अचानक ब्रेक मारलात, व्हय ना?”

“दगड दाखवून मारला. हायवेवर म्हैस आडवी येते ती दगड दाखवून येत नाही.”

“असंल. पण गोणीच ती. सैल धरली असणार.”

यावर कोणी हसले नाही. माझा विद्यार्थी जमिनीकडे पाहत होता. ही एकच गोष्ट खरी निघावी, अशी त्याची इच्छा मला दिसत होती, कारण तेवढी खरी निघाली की सीट काढता येत होती. मी त्यालाच विचारले, “तू बाहेर उभा होतास. ब्रेकनंतर मी तुझ्या गाडीच्या मॅटवरून तांदळाबरोबर काय वेचलं, ते सांग यांना.”

त्याने मागचे दार उघडले, सीट हलवून पाहिली, तिचा पट्टा आवळला. “सीट हाय तिथंच राहील,” एवढेच म्हणाला. तेवढ्यात स्टेशनात रेल्वेगाडी लागली, उतारू बाहेर आले आणि माझे श्रोते भाड्यामागे पळाले. त्यामुळे माझे उत्तर त्यांनी ऐकलेच नाही, आणि जुनी कथा अजून चालू आहे.

चालू दे. परवाच मी त्या कुटुंबाबरोबर पेणहून रोह्याला गेलो. मी पुढे, पट्टा लावून. मागे मुलगी तिच्या सीटमध्ये तोंड उघडे टाकून झोपलेली, शेजारी आई. क्लच तो अजूनही वाईट दाबतो, तरी एवढा सुखाचा प्रवास मला अलीकडे आठवत नाही.

उत्तर मात्र लिहून ठेवतो. आईच्या हाताला ओरखडाही आला नव्हता. पण मॅटवरच्या तांदळातून मी हिरव्या काचा वेचल्या होत्या, कारण गोणी धरता धरता तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या वाढल्या होत्या.