राजाची उडी

आज माझ्या नावापुढं बी.एस्सी. लागतं ते आमच्या तेर गावच्या शाळेतल्या गणिताच्या सरांमुळं. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. सर शाळा भरण्याआधी मला गणित शिकवायचे, आणि वेळ उरला की बुद्धिबळ.

बुद्धिबळ मी आधी पारावरच्या म्हाताऱ्यांकडून शिकलो होतो. त्यांच्या खेळात एकदाही शह बसला नसेल तर राजाला घोड्यासारखी एक उडी घेता येते. सर दर वेळी बजावायचे, "ती उडी विसर. स्पर्धेत चालत न्हाय."

आठवीत असताना धाराशिवला जिल्ह्याची स्पर्धा झाली. शेवटचा डाव जिंकणारा विभागाच्या स्पर्धेला जाणार होता. समोर तुळजापूरचा मुलगा. माझा एक हत्ती जास्त होता. त्यानं वजीर माझ्या राजाजवळ आणला. शह नव्हता, तरी मी घाबरलो आणि हात सवयीनं गेला. राजानं उडी घेतली.

मुलगा आधी हसला, मग त्यानं पंचांना बोलावलं. पंचांनी राजा जागेवर ठेवला आणि सांगितलं, की हात लावलेलं मोहरं हलवावंच लागतं. राजाला जायला एकच घर होतं. तिथं गेलो आणि पुढच्या चालीत मात झाली.

"पारावरनं थेट इकडंच आलास व्हय रं?" मुलगा म्हणाला. भोवतीची पोरं हसली. पंचांनी विचारलं, हे कुणी शिकवलं. सर दारातच उभे होते.

"सरांनी," मी म्हणालो.

एका शिक्षकानं सुचवलं, की गुरुजींनाच आधी पहिलीत बसवा. सरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं.

"व्हय, माझीच चूक," ते म्हणाले.

पुढच्या वर्षी बुद्धिबळ दुसऱ्या शिक्षकांकडं गेलं. सरांना 'उडीवाले' हे नाव पडलं. पोरं मैदानात मागून ओरडायची. सर मात्र मला रोज सकाळी शिकवत राहिले.

पदवीचा निकाल लागला तेव्हा मी त्यांना लिहिलं:

"आदरणीय सर, सा. न. पहिल्या वर्गात पास झालो. धाराशिवला मी खोटं बोललो. मुख्याध्यापकांना आता खरं काय ते कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलं, की इतक्या वर्षांनी त्याचं काय. मैदानात ओरडणाऱ्यांत एकदा मीही होतो. माझा आवाज तुम्ही ओळखला होता का, ते मात्र कळवू नका. तुमचा विद्यार्थी."