हिरव्या नकाशातला पाहुणा

मोहटाकळीच्या बायका सकाळी एकमेकींना एकच गोष्ट विचारत, "हिरवं हाय का?" कुणीतरी मोबाइल उघडून नकाशा बघे, "हाय" म्हणे, आणि सात जणी ओट्या बांधून कापूस वेचायला निघत.

तो हिरवा रंग ठरत होता वीस किलोमीटरवर, पांढरकवड्याला, हायवेलगतच्या एका पंक्चरच्या दुकानावरच्या खोलीत. दुकान डोमाजी नगराळ्यांचं, खोली त्यांच्या मुलीची. मैत्रेयी सव्वीस वर्षांची. नागपूरला इंजिनिअरिंग झालं, पुण्यात दीड वर्ष नोकरी झाली, आणि घरूनच काम करता येतं हे कळल्यावर ती परत आली. खाली ट्रकची चाकं उघडली जात, वर ती वेबसाइट बांधत असे. डोमाजी ट्यूब पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे शोधत. अर्धीच ट्यूब बुडवून "ठीक आहे" म्हणणाऱ्या कारागिराला त्यांनी एकदा सगळ्यांदेखत दुकानातून काढलं होतं.

वाघाच्या हालचालींचा नकाशा हे तिला एका संस्थेकडून मिळालेलं काम. जंगलाकाठच्या प्रत्येक गावात एक पहारेकरी नेमला होता. तो सकाळी फेरी मारून मोबाइलवर बटण दाबायचा, आणि नकाशात त्या गावाचा रंग बदलायचा. लाल, पिवळा, हिरवा.

रंग बदलण्याचं सगळं काम कोडच्या एका छोट्या तुकड्यात, एका फंक्शनमध्ये होतं. त्याला रिड्यूसर म्हणतात. गावाची आत्ताची स्थिती आणि नुकतीच घडलेली घटना त्याच्या हातात द्यायची. ते नवी स्थिती परत देतं. ते स्वतःहून काही आठवत नाही, कुणाला काही विचारत नाही. मैत्रेयीनं घटनांचे चार प्रकार ठरवले होते: वाघ दिसला, वाघाचं पाऊल, वाघानं जनावर मारलं, काही नाही. या चारांपलीकडचा शब्द तिच्या कोडमध्ये कुणी लिहिला, अगदी एक अक्षर चुकलं तरी, कोड तपासणारा प्रोग्राम, कंपायलर, तिथंच लाल रेघ मारून अडवायचा. या शिस्तीचा तिला अभिमान होता.

शेवटी एक ओळ होती. यातलं काहीच नसेल, तर जुनी स्थिती आहे तशी परत द्यावी. अशी ओळ सगळेच लिहितात.

आणि मध्ये एक शब्द होता. मोबाइलवरून येणारी नोंद या चारांपैकीच आहे, असं तिनं कंपायलरला लिहून दिलं होतं. लिहून दिलेलं कंपायलर तपासत नाही, मानतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोबाइलचं अॅप करणाऱ्या रोशननं नागपूरहून ग्रुपवर मेसेज टाकला: पहारेकऱ्यांच्या मागणीवरून पाचवं बटण दिलं आहे, "इतर", त्यात बोललेलं लिहून घेतलं जाईल. मैत्रेयीनं त्यावर अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि हातातलं दुसरं काम पुढं नेलं.

डिसेंबरातल्या एका रविवारी ती मावशीच्या बीपीच्या गोळ्या घेऊन स्कूटीनं मोहटाकळीला गेली. सत्यभामामावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर मैत्रेयीला तिनंच वाढवलं. घराला कुलूप होतं. साडेआठ वाजले होते. मैत्रेयी फाट्यावर शीलाच्या टपरीवर चहाला थांबली. तिथं बाकावर बाबुलाल आत्राम बसला होता, गावाचा पहारेकरी. गावाबाहेरच्या कोलामपोडावर, कोलामांच्या वस्तीत राहणारा, साठीचा, वाळक्या अंगाचा माणूस.

"ये व नकाशावाली," तो म्हणाला. "तुह्या नकाशाले मोतीबिंदू झाला काय?"

"काहून, काका?"

"पंधरा दिस झाले सांगून राह्यलो. पाव्हना नाल्यानं येऊन राह्यला. तुह्या नकाशात आपलं हिरवंगार."

शीला चहा गाळता गाळता हसली. "याच्या घरी कोन पाव्हना येते? सासरवाडीनं त कधीचं टाकलं याले."

"तू चहा गाळ."

मैत्रेयीनं त्याचा मोबाइल मागितला. "इतर"मध्ये अकरा नोंदी होत्या. प्रत्येकीपुढे पोचल्याची खूण. पाव्हना पुलाखालून गेला. पाव्हना नाल्यात पानी पेला. पाव्हना दोन दिस आला नाही, मंग आला. पाव्हना सदाशिवरावच्या धुऱ्यावर बसून होता. शेवटची नोंद त्याच दिवशीची, सकाळी सव्वासहाची: पाव्हना पऱ्हाटीत शिरला.

"काका, वाघाचं बटण काहून नाही दाबलं?"

बाबुलालनं आधी रस्त्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "त्याचं नाव घेत नाही आमी. बापानं नाही घेतलं, आज्यानं नाही घेतलं. नाव घेतलं का येते थो. अन् तुह्या तीनही बटनावर नावच हाय. मंग मी 'इतर' दाबतो."

मैत्रेयीनं हातातला कप बाकावर ठेवला. अकरा वेळा पाचव्या प्रकारची नोंद आली होती. अकरा वेळा रिड्यूसरनं चार नावं पडताळली, एकही जुळलं नाही, आणि जुनी स्थिती आहे तशी परत दिली. जुनी स्थिती हिरवी होती.

"मावशी कुठं गेली वेचाले?"

"सदाशिवरावच्याच वावरात," शीला म्हणाली. "नाल्याकडच्या तुकड्यात. हिरवं हाय म्हनून आज लवकर गेल्या."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना, काका?"

"पहिले रोज इचारत होत्या मले. आता कोन इचारते? परवा सांगतलं, त तुही मावशी म्हने, बाबुलालभाऊ, मोबाइल म्हनते काही नाही."

मावशीचा फोन लागला नाही. नाल्याकडं रेंज नसते. बाबुलाल स्कूटीवर मागं बसला. पांदणीच्या एका वळणावर त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवून वेग कमी करायला लावला.

कापसाची पऱ्हाटी छातीएवढी होती. बायका वाकलेल्या, म्हणून लांबून कुणीच दिसत नव्हतं. मधूनच एखादं झाड हलत होतं. ते कशानं हलतंय हे सांगता येत नव्हतं.

"उभ्या राहा!" बाबुलाल ओरडला. "वाकू नका. साऱ्या इकडं या, रस्त्याकडं."

लाल पदर डोक्याला बांधलेली मावशी उभी राहिली. "काहून जी? कोन मेलं?"

"या म्हनलं ना."

"अन् कापूस? हिरवं हाय बाप्पा. माह्या भाचीनंच केलं ते." मग तिला मागं उभी असलेली भाची दिसली. "तू कायले आली व इथं?"

"मावशी, हिरवं नाही," मैत्रेयी म्हणाली. "चल."

तिचा चेहरा पाहून मावशीनं ओटी सावरली आणि ती रस्त्याकडं निघाली. एकेक जण बाहेर आली. सहा.

"रामीबाई?" बाबुलालनं विचारलं.

"पानी आनाले गेली, नाल्यावर. मघाच."

बाबुलाल हातातली काठी जमिनीवर आपटत धुऱ्यानं, बांधाबांधानं निघाला. सहाही जणी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. नाल्याच्या बाजूनं वानरांचा ओरडा येत होता. एकच आवाज, पुन्हा पुन्हा, ठेका न चुकवता. मग तो एकदम थांबला.

बऱ्याच वेळानं बाबुलालच्या पुढं पुढं रामीबाई आली. हातात पाण्याची कॅन, अर्धी भरलेली. "वानरं लय वरडून राह्यले व," ती म्हणाली. "पुरती भरूच देल्ली नाही यानं."

बायका गावाकडं चालू लागल्यावर बाबुलालनं मैत्रेयीला नाल्याकडच्या ओल्या मातीत नेलं आणि काठीनं दाखवलं. रामीबाईच्या चपलेचा ठसा, पाण्याकडं जाताना उमटलेला. त्या ठशाच्या टाचेवर एक पाऊल पडलं होतं. चार बोटं, रुंद तळवा, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. रामीबाई गेली आणि परत आली, त्यामधल्या वेळातलं.

दुपारी मैत्रेयी घरी आली आणि कंपायलरला लिहून दिलेला तो शब्द तिनं खोडला. नोंद आत येतानाच तपासली जाईल, अशी चौकट बसवली. प्रकारांच्या यादीत "इतर" घातला आणि शेवटची, सगळं गिळणारी ओळ काढून टाकली. लगेच सात ठिकाणी लाल रेघा उमटल्या. या सात जागी पाचव्या घटनेचं काय करायचं, हे तिनं ठरवलंच नव्हतं. एकेक ठिकाणी तिनं ठरवलं. चौथा रंग घातला: करडा. पहारेकऱ्यानं काहीतरी सांगितलं आहे, ते माणसानं वाचलेलं नाही. आणि नोंदच आलेली नसेल, तरी करडा. इतके दिवस प्रत्येक गाव हिरव्यानं सुरू होत होतं. कुणी काहीच बोललं नाही, की ते हिरवंच राहत होतं.

रिड्यूसरचा एक गुण असा, की त्याच नोंदी त्याच क्रमानं दिल्या, की तेच उत्तर येतं. तिनं हंगामाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी नव्या रिड्यूसरमधून पुन्हा चालवल्या. गिळलेल्या नोंदी मोहटाकळीच्या अकराच नव्हत्या. एकोणीस गावांतून त्रेचाळीस होत्या. कुणी "मामा" म्हटलं होतं, कुणी "मोठं जनावर", कुणी नुसतंच "थो". तारखा पुढं सरकत गेल्या आणि नाल्याकाठची गावं एकापाठोपाठ एक करडी होत गेली. शेवटचं मोहटाकळी.

खालून डोमाजींनी जेवायला हाक मारली. ती गेली नाही. संध्याकाळपर्यंत तिनं त्रेचाळीस नोंदी वाचून संस्थेला कळवल्या, बाकी अठरा पहारेकऱ्यांना फोन लावले. सात जणांनी उचलले.

सोमवारी सकाळी सव्वासातला मावशीचा फोन आला. मागं बायकांची कुजबुज ऐकू येत होती.

"मैत्रे, आज राखेच्या रंगाचं दिसून राह्यलं. म्हंजे काय? जाव का नको?"

मैत्रेयीनं स्क्रीन पाहिली. मोहटाकळीतून आज एकही नोंद नव्हती.

"बाबुलालकाकांना विचार, मावशी."

"इचारलं. थो म्हनते, आज मले काहीच दिसलं नाही. ना पाऊल, ना आवाज. वानरंही चूप हायेत म्हनते. थो म्हनते, मैत्रेयीले इचार."